एका फंक्शनची अनेक मूल्ये दुसऱ्या फंक्शनला थेट देणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान मुख्यतः गो या प्रोग्रामिंग भाषेविषयी आहे. सी, पायथन, लुआ, कॉमन लिस्प आणि मॅटलॅब यांचा उल्लेख तुलनेपुरता येतो, कारण एकच गोष्ट पाच भाषांनी पाच तऱ्हांनी सोडवलेली पाहिली, की गोने केलेली निवड अधिक स्पष्ट होते. वाचनाच्या सोयीसाठी आज्ञा आणि भाषेसोबत येणाऱ्या तयार फंक्शनची नावे देवनागरीत दिली आहेत; प्रत्यक्ष प्रोग्राममध्ये ती अर्थातच रोमन लिपीत लिहावी लागतात.

१. प्रश्न नेमका काय आहे?

काही फंक्शने एकाच वेळी दोन किंवा अधिक मूल्ये परत करतात. ती मूल्ये जशीच्या तशी दुसऱ्या फंक्शनला आर्ग्युमेंट म्हणून द्यायची असतील, तर मध्ये व्हेरिएबल तयार न करता एकाच ओळीत ते करता येते का, असा हा प्रश्न आहे.

पानभर उपयोगी पडेल असे एक उदाहरण घेऊ. गोच्या मॅथ पॅकेजमध्ये फ्रेक्स्प नावाचे फंक्शन आहे. ते कोणत्याही संख्येची फोड एक अपूर्णांक आणि दोनाचा एक घात अशी करते. २० ही संख्या दिली तर ०.६२५ आणि ५ ही दोन मूल्ये मिळतात, कारण ०.६२५ ला दोनाच्या पाचव्या घाताने, म्हणजे ३२ ने गुणले की २० येतात. याच्या उलट काम करणारे फंक्शन म्हणजे एल्डेक्स्प. ते अपूर्णांक आणि घात घेते आणि मूळ संख्या परत जुळवून देते. तेव्हा पुढील ओळ चालेल का?

मॅथ.एल्डेक्स्प(मॅथ.फ्रेक्स्प(२०))

गोमध्ये ही ओळ चालते आणि उत्तर २० येते.

२. गोमध्ये यासाठीचा नियम काय आहे?

भाषेच्या अधिकृत तपशिलात हा नियम अपवाद म्हणून दिलेला आहे. ग या फंक्शनने परत केलेल्या मूल्यांची संख्या फ या फंक्शनच्या पॅरामीटरच्या संख्येइतकी असेल, आणि प्रत्येक मूल्य त्या त्या जागच्या पॅरामीटरमध्ये साठवता येण्याजोगे असेल, तर फ(ग()) असे लिहिता येते. आधी ग पूर्ण होते, त्याची मूल्ये क्रमाने फच्या पॅरामीटरना दिली जातात आणि मग फ सुरू होते.

याला दोन अटी आहेत. फच्या कंसात गच्या कॉलशिवाय दुसरे काहीही असता कामा नये, आणि गने किमान एक मूल्य परत केलेच पाहिजे. पहिली अट लक्षात न राहिल्यामुळे बहुतेक जण अडखळतात.

मूल्यांचे प्रकार तंतोतंत सारखे असण्याची सक्ती मात्र नाही. गने एखादा ठोस प्रकार परत केला आणि फला तो प्रकार पूर्ण करत असलेला इंटरफेस, म्हणजे आवश्यक मेथडची (प्रकाराला जोडलेल्या फंक्शनची) यादी, हवा असेल, तर जोडणी होते. व्हेरिएबलमध्ये मूल्य ठेवताना जे चालले असते, ते येथेही चालते.

३. मग फ(ग(), क्ष) असे लिहिल्यावर कंपायलर का अडवतो?

वर सांगितलेल्या पहिल्या अटीमुळे. ग दोन मूल्ये देत असेल आणि फला तीन हवी असतील, तर तिसरे आपण हाताने जोडू, असे वाटणे अगदी स्वाभाविक आहे. तरीही कंपायलर तक्रार करतो, की अनेक मूल्ये देणारा कॉल आर्ग्युमेंटच्या एका जागेवर वापरला गेला आहे. क्ष आधी लिहिला तरी फरक पडत नाही, आणि फ(ग(), ह()) ही ओळही ग किंवा ह यांपैकी एक जरी अनेक मूल्ये देत असले तरी नाकारली जाते.

यामागचे कारण समजण्यासाठी एक गोष्ट आधी पक्की करावी लागते. गोमध्ये दोन परतमूल्ये मिळून एक वस्तू होत नाही. पायथनमध्ये दोन मूल्ये परत केली की प्रत्यक्षात एक टपल, म्हणजे मूल्यांचा एकत्र बांधलेला गट, परत येतो. त्याला नाव देता येते, तो यादीत ठेवता येतो, कुठेही पाठवता येतो. गोमध्ये टपल हा प्रकारच नाही. दोन मूल्ये केवळ कॉल संपल्याच्या क्षणी शेजारी शेजारी उभी असतात. त्याच क्षणी त्यांना दोन व्हेरिएबलमध्ये उतरवावे लागते, दुसऱ्या फंक्शनच्या हवाली करावे लागते किंवा रिटर्नमधून पुढे पाठवावे लागते. ती चॅनेलवरून (समांतर चालणाऱ्या कामांमधील वाटेवरून) एकत्र पाठवता येत नाहीत, स्लाइसच्या (गोमधल्या यादीच्या) एका घरात ठेवता येत नाहीत आणि त्यांच्यावर मेथडही बोलावता येत नाही. या पानावरचे जवळजवळ सगळे नियम या एका गोष्टीतून निघतात.

फ(ग(), ह()) ला परवानगी असती, तर कोणते मूल्य कोणत्या पॅरामीटरला मिळते हे ती ओळ वाचून कळले नसते. त्यासाठी दोन्ही फंक्शनच्या व्याख्या उघडून मूल्ये मोजावी लागली असती. गला उद्या तिसरे परतमूल्य जोडले गेले, तर हची सगळी मूल्ये एक घर पुढे सरकली असती. ही सक्ती जाचक वाटली, तरी माझ्या मते ती योग्य बाजूला झुकलेली आहे.

४. अतिरिक्त आर्ग्युमेंट द्यायचेच असेल तर कसे द्यावे?

सर्वात सरळ मार्ग म्हणजे दोन ओळी लिहिणे. पहिल्या ओळीत अ, ब := ग() असे म्हणून मूल्यांना नावे द्यावीत आणि दुसऱ्या ओळीत फ(क्ष, अ, ब) लिहावे. एक ओळ वाचवण्यासाठी लोक बरीच कसरत करतात. पण अ आणि ब यांना अर्थपूर्ण नावे दिली, तर ती जादा ओळ पुढे वाचणाऱ्याला उपयोगीच पडते.

दुसरा मार्ग म्हणजे क्ष आधीच पकडून ठेवणारे एक छोटे निनावी फंक्शन तयार करणे. ते फक्त अ आणि ब घेते आणि आतून फ(क्ष, अ, ब) बोलावते. त्या फंक्शनला ह म्हटले, तर ह(ग()) नियमात बसते. एकाच क्षसह अनेक ठिकाणी हीच जोडणी करायची असेल तेव्हा हा मार्ग शोभतो. एका वेळच्या कामासाठी तो म्हणजे घागरभर पाण्यासाठी विहीर खणणे.

५. प्रिंटलाइनमध्ये कितीही मूल्ये देणारे फंक्शन चालते, ते कसे?

प्रिंटलाइन हे दिलेली मूल्ये छापणारे फंक्शन आहे आणि त्याचा एकमेव पॅरामीटर तीन टिंबांचा आहे. म्हणजे ते कोणत्याही प्रकारची कितीही मूल्ये स्वीकारते. नियम असा, की फच्या नेहमीच्या पॅरामीटरना मूल्ये वाटून झाल्यावर जी उरतात, ती सगळी शेवटच्या तीन टिंबांच्या पॅरामीटरमध्ये जातात. त्यामुळे मजकुराचा पूर्णांक करणारे एटूआय हे फंक्शन '२०' देऊन थेट प्रिंटलाइनमध्ये बोलावले, तर २० आणि त्यापुढे एरर नसल्याचे दर्शवणारे निल असे दोन्ही छापले जाते. चुका शोधताना ही सोय फार कामी येते.

पण आधी एखादे शीर्षक घालण्याचा मोह झाला, की तीच पहिली अट पुन्हा आडवी येते. प्रिंटलाइन('उत्तर', ग()) चालत नाही, जरी प्रिंटलाइनला कितीही मूल्ये चालत असली तरी.

याच नियमामुळे चालणारी एक देखणी जोडी पाथ पॅकेजमध्ये आहे. स्प्लिट हे फंक्शन फाइलच्या मार्गाचे फोल्डर आणि फाइलचे नाव असे दोन तुकडे करते, आणि जॉइन कितीही तुकडे घेऊन त्यांचा मार्ग जुळवते. म्हणून पाथ.जॉइन(पाथ.स्प्लिट(म)) ही ओळ बिनतक्रार चालते.

६. तशीच दिसणारी नेट पॅकेजमधली जोडी मात्र का चालत नाही?

स्प्लिटहोस्टपोर्ट हे फंक्शन पत्त्याची फोड यजमान आणि पोर्ट अशी करते, तर जॉइनहोस्टपोर्ट ते दोन पुन्हा जोडते. नावांवरून ही दोघे एकमेकांसाठीच बनली आहेत असे वाटते. पण पत्ता चुकीचा असू शकतो, म्हणून स्प्लिटहोस्टपोर्ट तिसरे मूल्य म्हणून एरर परत करते, आणि जॉइनहोस्टपोर्टला दोनच मूल्ये हवी असतात. कंपायलर दोन ओळींत काय मिळाले आणि काय हवे होते ते दाखवतो आणि थांबतो.

नको असलेले शेवटचे मूल्य गुपचूप टाकून देण्याची सोय गोमध्ये नाही. टाकायचेच असेल तर अधोरेषा वापरून तसे लिहून दाखवावे लागते. एरर टाकून देणारी ओळ निदान डोळ्यांना खटकावी, हे येथे साधले जाते.

७. म्हणजे एरर परत करणाऱ्या फंक्शनला या सोयीचा काहीच उपयोग नाही का?

उपयोग आहे, पण मर्यादित. गोमधली बरीच फंक्शने मूल्य आणि एरर अशी जोडी देतात. सीमध्ये एकच मूल्य परत करता येत असल्यामुळे चूक दर्शवण्यासाठी उणे एकसारखी संख्या उत्तराच्याच जागी बसवावी लागे, किंवा पत्ता देऊन बाहेरचे व्हेरिएबल बदलावे लागे. गोमधील अनेक परतमूल्यांचा एक हेतू हीच अडचण दूर करण्याचा होता.

मजकुराचे साचे हाताळणाऱ्या टेम्प्लेट पॅकेजमधले मस्ट हे फंक्शन मुद्दाम ही जोडी स्वीकारण्यासाठी लिहिलेले आहे. ते टेम्प्लेट आणि एरर असे दोन पॅरामीटर घेते. एरर निल असेल तर टेम्प्लेट परत करते आणि नसेल तर पॅनिक करते, म्हणजे पुढचे काम तिथेच तोडते. त्यामुळे टेम्प्लेट.मस्ट(टेम्प्लेट.पार्सफाइल्स('पान')) अशी एका ओळीची घोषणा करता येते. मार्च २०२२ मध्ये गो १.१८ सोबत जेनेरिक्स, म्हणजे प्रकार नंतर ठरवता येणारी फंक्शने, आल्यापासून कोणत्याही प्रकारासाठी चालणारे मस्ट मोजक्या ओळींत लिहिता येते, आणि आत अनेक मूल्ये देणारा कॉल असला तरी कंपायलर प्रकार स्वतः ओळखतो.

मस्टची जागा मात्र ओळखून असावे. प्रोग्राम सुरू होतानाच ज्या गोष्टी बरोबर असल्या पाहिजेत, त्यांच्या घोषणेत ते योग्य आहे. वापरकर्त्याने भरलेल्या मजकुरावर किंवा नेटवर्कवरून आलेल्या माहितीवर मस्ट लावणे म्हणजे एका चुकीच्या अक्षरासाठी अख्खा सर्व्हर पाडणे. त्याचप्रमाणे, केवळ फ(ग()) लिहिता यावे म्हणून आपल्या साध्या फंक्शनना एररचा पॅरामीटर जोडत जाऊ नये. असे केल्यास एरर तपासण्याची जबाबदारी साखळीत पुढे ढकलली जाते आणि शेवटी कोणीच ती घेत नाही.

८. परत आलेले मूल्य स्लाइस असेल तर काय होते?

येथे एक फसवी जागा आहे. समजा, ग हे फंक्शन छपाईचा साचा आणि त्यात भरायच्या मूल्यांची स्लाइस अशी दोन मूल्ये देते. साचा '%डी रुपये, %डी पैसे' असा आहे आणि स्लाइसमध्ये १२ व ५० आहेत. साच्यात मूल्ये भरून छापणाऱ्या प्रिंटएफला प्रिंटएफ(ग()) असे बोलावले तर कंपायलर काहीच म्हणत नाही, पण छापून येते '[१२ ५०] रुपये', आणि पैशांच्या जागी मूल्य गहाळ असल्याची खूण.

कारण असे, की उरलेली मूल्ये तीन टिंबांच्या पॅरामीटरमध्ये एकेक करून जातात. उरलेले मूल्य एकच आहे, ते म्हणजे अख्खी स्लाइस. आणि कोणताही प्रकार चालणाऱ्या जागी स्लाइसही चालते. स्लाइस उलगडण्यासाठी पुढे तीन टिंबे द्यावी लागतात, पण अनेक मूल्ये देणाऱ्या कॉलपुढे ती देता येत नाहीत. येथे दोन ओळींना पर्याय नाही: साचा, यादी := ग() आणि मग प्रिंटएफ(साचा, यादी...).

ग फक्त एक स्लाइस परत करत असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा फ(ग()...) अगदी वैध आहे.

९. मॅपमधून मूल्य आणि ते सापडले की नाही अशी दोन उत्तरे मिळतात. तीही अशीच देता येतात का?

नाही. मॅपमध्ये (किल्ली देऊन मूल्य काढायच्या संग्रहात) शोधणे, चॅनेलवरून घेणे आणि इंटरफेसचा आतला प्रकार तपासणे या तीन गोष्टी डावीकडे दोन व्हेरिएबल दिसली, की दोन उत्तरे देतात. पण ते फंक्शनचे कॉल नव्हेत, म्हणून आर्ग्युमेंटच्या जागी त्यांच्याकडून एकच मूल्य मिळते. फला दोन पॅरामीटर असताना फ(मॅप['किल्ली']) लिहिले, तर आर्ग्युमेंट कमी पडल्याची तक्रार येते. रिटर्नमध्येही हीच गत. दोन व्हेरिएबलमध्ये उतरवून घेणे हाच उपाय आहे.

१०. रिटर्न, डिफर आणि गो या आज्ञांसोबत हा नियम कसा वागतो?

रिटर्न ग() असे लिहिल्यास गची सगळी मूल्ये जशीच्या तशी पुढे जातात, मात्र त्यांची संख्या आणि प्रकार बाहेरच्या फंक्शनशी जुळले पाहिजेत. येथेही सोबत दुसरे मूल्य जोडता येत नाही.

डिफर ही आज्ञा कॉल चालू फंक्शन संपेपर्यंत पुढे ढकलते; डिफर फ(ग()) विषयी अधिक गैरसमज आहे. पुढे ढकलला जातो तो फक्त फचा कॉल. ग त्या ओळीवर पोहोचताक्षणी चालते आणि त्याची मूल्ये तेव्हाच गोठवली जातात. फंक्शन संपताना गची ताजी मूल्ये मिळावीत अशी अपेक्षा असेल, तर दोन्ही कॉल एका निनावी फंक्शनच्या आत ठेवून ते फंक्शन डिफर करावे. गो ही आज्ञा कॉल नव्या गोरूटीनमध्ये, म्हणजे समांतर चालणाऱ्या कामात, सुरू करते; पण गो फ(ग()) मध्येही ग चालू गोरूटीनमध्येच चालते आणि केवळ फ नव्या गोरूटीनमध्ये जाते. ग वेळखाऊ असेल, तर काम समांतर चालले आहे अशा समजुतीत आपण प्रत्यक्षात रांगेतच उभे असतो.

११. क्रम चुकला तर कंपायलर सांगतो का?

प्रकार वेगळे असतील तर सांगतो. एल्डेक्स्पला पहिला अपूर्णांक आणि दुसरा पूर्णांक हवा असल्यामुळे तेथे उलटापालट खपत नाही. पण दोन्ही मूल्ये पूर्णांक असतील तर कंपायलरला काहीच खटकत नाही.

मी स्वतः एकदा चित्रांचा आकार बदलणाऱ्या एका प्रोग्राममध्ये हे भोगले आहे. एक फंक्शन रुंदी आणि उंची या क्रमाने मूल्ये देत होते, आणि दुसरे कोणीतरी ओळी आणि स्तंभ या सवयीने लिहिलेले असल्यामुळे उंची आधी घेत होते. फ(ग()) ही ओळ इतकी नेटकी दिसत होती, की तिच्याकडे कोणाचे लक्षच गेले नाही. चाचणीसाठी घेतलेली चित्रे चौरस होती, त्यामुळे चाचण्याही उत्तीर्ण झाल्या. पहिले आडवे छायाचित्र आले तेव्हा माणसे बांबूसारखी उंच झाली. मध्ये दोन नावे असती, तर फ(रुंदी, उंची) असे वाचताना फची व्याख्या एकदा तरी उघडली गेली असती.

यावर दोन उपाय आहेत. रुंदी आणि उंची यांसाठी पूर्णांकावर आधारलेले दोन स्वतंत्र प्रकार घोषित केले, की उलटापालट कंपायलरच पकडतो. किंवा आकार नावाचा स्ट्रक्ट (नावे दिलेल्या घरांचा गट) करून एकच मूल्य परत करावे. तीन किंवा अधिक मूल्ये नेहमी एकत्रच प्रवास करत असतील, तर स्ट्रक्टच बरा.

१२. पायथनमध्ये हेच कसे करतात?

पायथनमध्ये फ(ग()) लिहिले तर फला एकच आर्ग्युमेंट मिळते, ते म्हणजे टपल. आणि दुसरे आर्ग्युमेंट मिळाले नाही अशी तक्रार येते. टपल उलगडण्यासाठी तारका लावावी लागते: मॅथ.एल्डेक्स्प(*मॅथ.फ्रेक्स्प(२०)). २०१५ साली आलेल्या ३.५ आवृत्तीपासून एकाच कॉलमध्ये अनेक तारका वापरता येतात, म्हणजे फ(*ग(), *ह(), क्ष) चालते. गो जी मुभा देत नाही, ती येथे पूर्ण मिळते, आणि उलगडणी कुठे होते हे तारकेमुळे डोळ्यांना दिसतेही.

तारका मात्र टपल आणि मजकूर यांत भेद करत नाही. टपलाऐवजी गने चुकून नुसता मजकूर परत केला, तर त्याचेही तुकडे होतात. 'पुणे' या शब्दाचे तर प, उकार, ण आणि मात्रा असे चार तुकडे पडतात, कारण युनिकोडमध्ये स्वरचिन्हे स्वतंत्र मोजली जातात. फ कितीही आर्ग्युमेंट घेणारे असेल तर ही चूक बराच काळ लपून राहते.

१३. लुआमधील नियम विचित्र का वाटतात?

लुआ १९९३ साली रिओ दि जानेरोच्या पाँटिफिकल कॅथलिक विद्यापीठात तयार झाली. गोप्रमाणे तिच्यातही अनेक परतमूल्ये ही एक वस्तू नाही. पण कॉल कुठे लिहिला आहे यावरून किती मूल्ये पुढे जातील ते ठरते. आर्ग्युमेंटच्या यादीत कॉल शेवटी असेल तर सगळी मूल्ये जातात. आधी कुठेही असेल तर फक्त पहिले जाते आणि बाकीची निमूट गळून पडतात. म्हणून फ(क्ष, ग()) मध्ये सगळी मिळतात आणि फ(ग(), क्ष) मध्ये एकच. शेवटच्या कॉलचेही पहिलेच मूल्य हवे असेल तर त्याला जादा कंस घालावा लागतो.

या नियमाचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्या स्वल्पविरामांच्या पद्धतीवरूनच देता येते. जीसब हे फंक्शन मजकुरातील खुणा बदलते आणि दोन मूल्ये देते: नवा मजकूर आणि किती बदल झाले ती संख्या. टूनंबर हे फंक्शन मजकुराची संख्या करते आणि दुसरे आर्ग्युमेंट दिल्यास त्याला अंकपद्धतीचा पाया समजते. आता स्वल्पविराम काढून संख्या करण्यासाठी जीसबचा कॉल थेट टूनंबरमध्ये ठेवला, तर जितके स्वल्पविराम निघाले तितका पाया धरला जातो. '१,५००' मध्ये पाया १ ठरतो आणि असा पाया चालत नाही, म्हणून प्रोग्राम थांबतो. '१,२३,४५६' मध्ये पाया २ ठरतो. दोनाच्या पद्धतीत ३ हा अंकच नसल्यामुळे उत्तर निल येते. आणि एक कोटी एक लाख दहा हजार, म्हणजे '१,०१,१०,०००', यात पाया ३ ठरतो, सगळे अंक तीनाच्या पद्धतीत बसतात, आणि कोणतीही तक्रार न होता उत्तर येते २५११. उपाय म्हणजे जीसबच्या कॉलभोवती एक जादा कंस.

१४. सीमध्ये फ्रेक्स्प आणि एल्डेक्स्प आहेतच. मग तेथे एका ओळीत का लिहू नये?

सीमधले फ्रेक्स्प अपूर्णांक परत करते आणि घात आपण दिलेल्या पत्त्यावर लिहून ठेवते. त्यामुळे एल्डेक्स्प(फ्रेक्स्प(क्ष, &घ), घ) असे लिहावेसे वाटते, आणि एखाद्या संगणकावर ते बरोबर उत्तरही देईल. पण आर्ग्युमेंट कोणत्या क्रमाने काढली जावीत हे सी ठरवत नाही. दुसरे आर्ग्युमेंट आधी वाचले गेले, तर घमध्ये जे काही जुने पडले असेल तेच पुढे जाते. गोमध्ये फंक्शनचे कॉल डावीकडून उजवीकडे होतात हे निश्चित असते, आणि फ(ग()) मध्ये तर प्रश्नच उद्भवत नाही.

सी प्लस प्लसमध्ये २०१७ च्या प्रमाणापासून अप्लाय नावाचे फंक्शन आहे. ते टपल उलगडून दुसऱ्या फंक्शनला देते.

१५. लिस्प आणि मॅटलॅबमध्ये काय होते?

कॉमन लिस्पमध्ये साध्या कॉलमध्ये फक्त पहिले मूल्य पुढे जाते. सगळी हवी असतील तर मल्टिपल-व्हॅल्यू-कॉल वापरावा लागतो, आणि तो एकापेक्षा अधिक फंक्शनची सगळी मूल्ये एकत्र गोळा करून देतो, म्हणजे गोने नाकारलेले फ(ग(), ह()) येथे स्पष्ट नावाने उपलब्ध आहे. फ्रेक्स्पसारखे काम करणारे डीकोड-फ्लोट मात्र अपूर्णांक, घात आणि चिन्ह अशी तीन मूल्ये देते, तर स्केल-फ्लोटला दोनच हवी असतात. नेट पॅकेजमधल्या जोडीचाच हा भाऊ.

मॅटलॅबमध्ये फोडीचे काम लॉग२ करते आणि जोडणीचे पाऊ२. पाऊ२(लॉग२(२०)) असे लिहिले तर २० येतात आणि दोन्ही मूल्ये पोहोचली असा समज होतो. प्रत्यक्षात एकच उत्तर मागितल्यामुळे लॉग२ने फोड केलेलीच नसते. त्याने दोनाच्या पायाचा लॉगरिदम, म्हणजे सुमारे ४.३२, दिलेला असतो, आणि पाऊ२ने दोनाचा तितका घात काढलेला असतो. उत्तर बरोबर, पण वाट भलतीच.

१६. फ(ग()) लिहिल्याने प्रोग्राम वेगवान होतो का?

या कारणासाठी लिहू नये. मधली दोन व्हेरिएबल कंपायलरच्या दृष्टीने जवळजवळ फुकट असतात. २०२१ मधील गो १.१७ पासून ६४ बिटांच्या इंटेल घराण्यातील प्रोसेसरवर आर्ग्युमेंट आणि परतमूल्ये दोन्ही रजिस्टरमधून (प्रोसेसरच्या आतल्या जलद जागांतून) जातात, आणि व्हेरिएबलला नाव दिले म्हणून ती स्मृतीत उतरतातच असे नाही.

१७. येथे वापरलेली फ आणि ग ही देवनागरी नावे गोमध्ये खरोखर चालतात का?

फ, ग, दर, वजन ही नावे चालतात, कारण गोच्या नियमानुसार नावात युनिकोडमधील अक्षरे आणि अंक येऊ शकतात. पण काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि हलन्त यांना युनिकोड अक्षरे मानत नाही, चिन्हे मानते. त्यामुळे 'रुंदी' किंवा 'भागाकार' हे नाव गो नाकारतो. शिवाय पॅकेजबाहेर दिसणाऱ्या नावाचे पहिले अक्षर मोठ्या लिपीतले असावे लागते आणि देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नाहीत, म्हणून देवनागरी अक्षराने सुरू होणारे नाव पॅकेजच्या आतच राहते. पायथन ३ मात्र 'रुंदी' आनंदाने स्वीकारतो.

देवनागरी अंकांत लिहिलेली संख्या प्रोग्राममध्ये दोन्ही भाषांत चालत नाही. पायथनच्या इंट फंक्शनला '२०' असा देवनागरी मजकूर दिला, तर ते त्याची योग्य संख्या करून देते.